स्पर्धा आटोपल्यानंतरचे वीजबिल

प्रति,
माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि क्रीडा व युवक सेवा संचालनालय, बालेवाडी, पुणे



ग्लासगो येथे २६ नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रकुल क्रीडा संघटनेच्या आमसभेने २०३० च्या स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला दिले. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीचे इरादापत्र तर भारताने त्याच्या वर्षभर आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये पाठवले होते. जळगावकराला सुरत मुंबईपेक्षा जवळ पडते, त्यामुळे शेजारच्या राज्यातली ही तयारी आम्हाला लांबची वाटत नाही. यातल्या काही खेळांची यजमानी महाराष्ट्राला मिळावी म्हणून आपले सरकार आज ना उद्या पुढे सरसावेल. जरूर सरसावावे, त्याला माझा विरोध नाही. फक्त त्या अर्जावर सही करण्याआधी आपल्या राज्यात आजवर झालेल्या स्पर्धांनी मागे काय ठेवले, याचा हिशेब आपण लोकांपुढे ठेवावा. तो कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. उद्घाटन सोहळ्याच्या खर्चावर विधिमंडळात गदारोळ होतो, समारोपानंतर पाचव्या वर्षी पोहण्याच्या तलावाचे वीजबिल कोणी भरले, हा प्रश्न कधी पटलावर येत नाही. माझी तक्रार इथून सुरू होते.

बालेवाडीचेच पाहू. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांनी केलेला तो आराखडा त्या काळात देशात नावाजला गेला. चौदा वर्षांनी, १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात, तिथेच राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. ७१ देश आले, ९ खेळ झाले, ‘जिगर’ नावाचा वाघ शुभंकर म्हणून भिंतीभिंतींवर झळकला आणि ३३ सुवर्णपदकांसह भारत पहिला आला. संकुलाचे नूतनीकरण झाले, रस्ते रुंद झाले. इथपर्यंतची गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखीच आहे. पण १९९४ आणि २००८ ही दोन साले शेजारी ठेवून पाहिली की एक क्रम लक्षात येतो. स्पर्धा येते तेव्हा निधी येतो आणि वास्तू नवी होते. मग निधी आटतो, वास्तू झिजत जाते आणि पुढच्या स्पर्धेची वाट पाहत बसते. गोव्यात हेच झाले. जानेवारी २०१४ मधल्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी बांधलेल्या बांबोळी आणि ताळगावच्या क्रीडांगणांना मोठे काम पुन्हा मिळाले ते वारंवार पुढे ढकललेली राष्ट्रीय स्पर्धा अखेर २०२३ मध्ये पार पडली तेव्हा. एका स्पर्धेची वास्तू दुसऱ्या स्पर्धेला उपयोगी पडली, हाच तिचा वारसा म्हणून आपण अहवालात लिहितो. मधल्या नऊ किंवा चौदा वर्षांत तिथे रोज सकाळी किती मुले धावली, हे मात्र त्या अहवालात नसते.

देखभालीची जागा आपल्याकडे स्पर्धांनी घेतली आहे. दरवर्षी थोडा खर्च करून वास्तू टिकवणे हे रटाळ काम आहे, त्याची फीत कापता येत नाही. ती मोडकळीला येऊ द्यावी आणि मग ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे नूतनीकरण’ म्हणून एकदम मोठी रक्कम मंजूर करून घ्यावी, हे राजकारणाला, प्रशासनाला आणि कंत्राटदारालाही सोयीचे. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधले, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी शेकडो कोटी खर्चून नवे केले, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जागतिक पॅरा अॅथलेटिक्ससाठी तिथे नवीकोरी मोंडो धावपट्टी अंथरली आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यातच ते पाडून तिथे ‘स्पोर्ट्स सिटी’ उभारण्याची योजना जाहीर झाली. जानेवारी २०२६ मधल्या पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी पुणे जिल्ह्यातले ४३७ किलोमीटरचे रस्ते गुळगुळीत झाले. सायकलपटूंना खड्डे लागू नयेत ही काळजी योग्यच होती, पण ज्या तालुक्यातून कोणतीही शर्यत कधी जाणार नाही, त्याच्या रस्त्यांनी कोणाची वाट पाहायची? रस्त्यांचे जे, तेच मैदानांचे. स्पर्धा येणे ही देखभालीची अट असेल, तर असोद्याला, यावलला, शिरपूरला, साक्रीला देखभाल कधीच मिळणार नाही, कारण तिथे राष्ट्रकुल येणार नाही आणि ऑलिंपिकही येणार नाही.

देखभाल म्हणजे नेमके काय, हे मंत्रालयातल्या फायलीत एका ओळीत उरकते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. सिंथेटिक धावपट्टी म्हणजे डांबराच्या सपाट थरावर बसवलेला पॉलियुरेथेनचा जेमतेम तेरा मिलिमीटर जाडीचा थर. कडेची गटारे पावसाळ्यापूर्वी उपसली नाहीत तर पाणी खाली मुरते, फुगवटे येतात, कडा सुटू लागतात. लेनच्या रेषा पुसट होतात. माती आणि शेवाळ वेळोवेळी धुऊन काढावे लागते. एवढे सगळे केले तरी दहा वर्षांच्या आसपास वरचा थर नव्याने घालावा लागतो. चारचाकी गाडी तिच्यावर चालवायची नसते, हे सांगण्याचीही गरज पडू नये. तरीही जून २०२१ मध्ये बालेवाडीच्या धावपट्टीवर बैठकीला आलेल्या मंत्र्यांच्या आणि नेत्यांच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या. छायाचित्रे छापून आली, टीका झाली, दिलगिरीही व्यक्त झाली. कोणा एका नेत्याकडे बोट दाखवण्यासाठी मी ही आठवण काढत नाही. त्या धावपट्टीला ‘इथे गाडी आणता येणार नाही’ असे सांगणारा अधिकारवान मालक नव्हता, हे त्यातून दिसले. संकुलाच्या शेजारचे तारांकित हॉटेल, रुंद झालेले रस्ते, आसपास उठलेले मनोरे यांना रोज पैसा कमावणारा आणि रोज काळजी घेणारा मालक आहे, म्हणून ते सगळे उत्तम स्थितीत आहेत. स्पर्धेचा तो वारसा कोणी पुसू शकत नाही. प्रश्न खेळाच्या वाट्याला आलेल्या वारशाचा आहे.

२०१० च्या दिल्लीबद्दल आणखी एक सांगायला हवे. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार सुरुवातीचा १,२०० कोटींचा अंदाज १८,५३२ कोटींवर गेला. त्यानंतर देशात जी चर्चा झाली ती भ्रष्टाचाराची. अटका झाल्या, खटले चालले आणि एप्रिल २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाचा प्रकरण बंद करण्याचा अहवालही न्यायालयाने स्वीकारला. पैसा कोणी खाल्ला, या प्रश्नाने पंधरा वर्षे खाल्ली. समजा एक रुपयाही कोणी खाल्ला नसता, तरी ती स्टेडियमे नंतर कोण चालवणार होते, हा प्रश्न तसाच राहिला असता. प्रामाणिकपणे बांधलेली वास्तूही कुलूपबंद राहू शकते.

यावर आपल्या खात्याचे पहिले उत्तर मला ठाऊक आहे. स्पर्धा आल्या नसत्या तर बालेवाडीच उभे राहिले नसते. इतका पैसा शासन एरवी खेळावर कधी खर्च करते? हे उत्तर खोटे नाही, आणि मला ते मान्यही आहे. १९९४ नंतर दोनच वर्षांत, १९९६ मध्ये, राज्याने क्रीडा प्रबोधिनी सुरू केली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये या योजनेत आला, नाशिकच्या प्रबोधिनीत नेमबाजीकडे वळला, पुढे बालेवाडीच्या रेंजवर सराव करत राहिला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर मराठी मातीतल्या खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बालेवाडीचा सर्वांत मोठा वारसा म्हणून हेच उदाहरण आपण द्याल आणि मीही देईन. पण ही साखळी नीट तपासा. त्यात वसतिगृह आहे, रोजचे जेवण आहे, वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी टिकलेला प्रशिक्षक आहे, काडतुसांचा खर्च आहे. प्रेक्षकांची गॅलरी आणि रोषणाई त्यात कुठेच नाही. कुसाळे घडला तो स्पर्धेच्या आठवड्यातल्या खर्चातून नव्हे, दरवर्षीच्या अंदाजपत्रकातल्या एका कंटाळवाण्या तरतुदीतून घडला. तीच तरतूद वाढवा, एवढेच मागणे आहे.

आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्याची उदाहरणे तर आणखी बोलकी आहेत. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवते, ती विजेंदर सिंग या प्रशिक्षकाने नाशकात चिकाटीने घडवलेल्या धावपटूंमधून पुढे येऊन. देवरगावचा सर्वेश कुशारे उंच उडीचा सराव करायचा तो मक्याचा भुसा भरून केलेल्या गादीवर. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाने ती सोय जमवली होती. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत सहावा आला. भुशावरून टोकियोला पोहोचणे कौतुकाचे आहे. पण शासनाने त्या कौतुकात वाटा मागू नये, कारण उडी मारायची गादी ही काही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवल्याशिवाय विकत घेता येत नाही अशी वस्तू नाही.

दुसरे उत्तर असे येते की स्पर्धेमुळे वातावरण तयार होते, मुले खेळाकडे वळतात. याची परीक्षा आपण २०१७ मध्ये घेतली आहे. सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामने झाले, देशभरात मिळून तेरा लाखांहून जास्त प्रेक्षक आले. त्याआधी १५ सप्टेंबर रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ खाली राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला, शाळांना चेंडू वाटले गेले. कल्पना छानच होती. पण चेंडूची हवा जाते, शिवण उसवते, आणि नवा चेंडू कोणत्या शीर्षाखाली घ्यायचा हे मुख्याध्यापकाला कोणी सांगितलेले नसते. ज्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षकच नाही, तिथे १६ सप्टेंबरला कोण खेळवणार होते? त्या विश्वचषकातली मुले एकत्र राहावीत म्हणून महासंघाने चालवलेला ‘इंडियन अॅरोज’ संघही २०२२ मध्ये बंद झाला. वातावरण तयार झाले होते यात वाद नाही, पण त्याचा पगार कोणी दिला नाही.

आता जिल्ह्यांकडे येतो. तालुका क्रीडा संकुलांची योजना चांगली आहे, कागदावर तर फारच चांगली. अनुदानाची मर्यादा तालुक्यासाठी १ कोटीवरून ५ कोटी, जिल्ह्यासाठी ८ वरून २५ आणि विभागासाठी २४ वरून ५० कोटी झाली. जळगावातही मेहरूणला मोठ्या संकुलाची चर्चा आहे. पण हे सगळे आकडे बांधकामाचे आहेत. बांधल्यावर काय, तर समितीने आपले उत्पन्न आपण उभे करावे. मग दर्शनी बाजूला व्यापारी गाळे निघतात, हॉल लग्नाला जातो, मैदान प्रदर्शनांना आणि सभांना जाते, आणि पावसाळ्यानंतर उरलेल्या जागेत गाजरगवत माजते. खानदेशातल्या केळी उत्पादकाला यातली गोम लगेच कळेल. ठिबकचा संच अनुदानातून बसतो, पण फिल्टर धुवायला आणि लॅटरल वेळेवर साफ करायला माणूस ठेवला नाही, तर दोन हंगामांत ड्रीपर चोंदतात आणि बाग सुकते. कंपनीच्या आणि अनुदानाच्या कागदांवर मात्र संच ‘कार्यान्वित’च असतो. बहिणाबाईंचे माहेर असलेल्या असोद्यात त्यांच्या स्मारकाचे काम किती वर्षे रेंगाळले, हे आपल्या सहकारी मंत्र्यांना विचारा. अर्धवट कामाशी आमची जुनी ओळख आहे.

बाहेरच्या जगात या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात. मॉन्ट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज फेडले ते २००६ मध्ये, म्हणजे ज्यांनी ते सोहळे पाहिले त्यांची मुले करदाते झाल्यावर. अथेन्सच्या २००४ च्या कित्येक क्रीडांगणांवर पुढे गवत वाढले. याउलट लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये बहुतांश जुन्याच वास्तू वापरल्या, सुमारे २३ कोटी २५ लाख डॉलर शिल्लक काढली आणि त्यातला ४० टक्के भाग एका निधीत ठेवला. तो निधी आजही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या खेळावर पैसे खर्च करतो. मँचेस्टरने २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी स्टेडियम बांधतानाच ठरवून टाकले होते की नंतर धावपट्टी काढायची, मैदान खाली घ्यायचे आणि ते फुटबॉल क्लबकडे सोपवायचे. भाडेकरू आधी, पाया नंतर. आपल्याकडे बरोबर उलटे चालते.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो वजनदार आहे. जिल्ह्या-जिल्ह्यांत वारसा पोहोचवायचा हट्ट धरला तर खर्च हाताबाहेर जातो, असे कोणी म्हणेल, आणि त्याला ऑस्ट्रेलियाचा दाखला देईल. व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा मेलबर्नऐवजी जिलाँग, बॅलरॅट, बेंडिगो अशा लहान शहरांत विभागून भरवायचे ठरवले होते. २.६ अब्ज डॉलरचा अंदाज सहा-सात अब्जांवर जाऊ लागला आणि जुलै २०२३ मध्ये त्या राज्याने अंगच काढून घेतले. धडा खरा आहे. म्हणूनच मी जळगावला एकही सामना मागत नाही. सामने मुंबई-पुण्यातल्या तयार मैदानांवरच व्हावेत. अलीकडे ऑलिंपिक समितीही असलेल्या वास्तू वापरण्याचा आग्रह धरते, त्याचा फायदा घ्यावा. वाचलेला पैसा तालुक्यात माणसांवर खर्च व्हावा, एवढीच मागणी आहे. आणि खानदेशात खेळाची परंपरा नाही, असे कोणी म्हणणार असेल तर कुस्तीच्या दंगलींना जमणारी गर्दी त्याने एकदा पाहावी. २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला, हे आपल्या जाहिरातींत असते. या पदकांचे जिल्हावार वाटप एकदा छापा, म्हणजे परंपरा कुठे आहे आणि सोय कुठे आहे, हे दोन्ही दिसेल.

तेव्हा विनंत्या अशा. महाराष्ट्रात यापुढे भरणाऱ्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या मंजुरीसोबतच तिच्या एकूण खर्चाचा ठरावीक हिस्सा, मी दहा टक्के म्हणेन, कायम ठेवीत बाजूला काढावा, मुद्दलाला हात न लावता त्याच्या व्याजातून तालुका पातळीवरचे प्रशिक्षक नेमावेत, आणि ही नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर नसावी, कारण उंच उडीचा खेळाडू अकरा महिन्यांत घडत नाही. नव्या बांधकामाला मान्यता देताना ती वास्तू पंधरा वर्षे कोण चालवणार, याचा करार फायलीत आधी लागावा. नसेल तर तात्पुरती गॅलरी भाड्याने आणावी आणि स्पर्धा संपताच परत करावी, यात कमीपणा नाही. क्रीडा संकुलांवरील बिगर-क्रीडा कार्यक्रमांना परवानगी कोणत्या अधिकाऱ्याने, किती दिवसांसाठी, किती भाड्याने दिली, हे संकुलाच्या फाटकावर लावावे. आणि रिकाम्या असलेल्या क्रीडाशिक्षकांच्या जागा भरण्यासाठी २०३६ ची वाट पाहू नये. शाळेच्या मैदानावर शिक्षक नसेल, तर खेळ म्हणजे दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी जमवायचे प्रमाणपत्र एवढाच अर्थ मुलांच्या लेखी उरतो, आणि बोगस प्रमाणपत्रांच्या चौकशा आपल्याच खात्याला कराव्या लागतात.

आपण म्हणाल, पैसा नाही. पण स्पर्धेसाठी तो असतो. देखभालीच्या वेळी नसतो. हा अग्रक्रमाचा प्रश्न आहे आणि अग्रक्रम ठरवणे हेच मंत्र्याचे काम.

पहिली गोष्ट म्हणून फार खर्चाचे काही सुचवत नाही. बालेवाडी संकुलाचा २००८ पासून आजपर्यंतचा दरवर्षीचा देखभाल खर्च, वीजबिल, क्रीडेतर कार्यक्रमांतून मिळालेले भाडे आणि नियमित सराव करणाऱ्या खेळाडूंची संख्या, हे चार रकाने आपल्या संचालनालयाने प्रसिद्ध करावेत. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुका संकुलाचे तेच चार रकाने सोबत जोडावेत. ही माहिती कार्यालयांत असणारच, ती एकत्र करायला समिती नेमू नये.



आपला,
असोदा (ता. जि. जळगाव) येथील एक करदाता